शेवटच्या रांगेतील मुलाचा व्यायाम : स्वामी कुवलयानंद यांचे जीवनकार्य

स्मरणिकेची पाने चाळताना वाचकांची नजर चषकांच्या छायाचित्रांवर थांबते, आणि ते स्वाभाविक आहे. आमच्या निवासी विद्यालयाने मैदानावर मिळविलेल्या यशाचा आम्हालाही अभिमान आहे. परंतु त्या छायाचित्रांत न आलेली मुलेही याच मैदानावर वाढली. सामुदायिक कवायतीत ज्यांचा उजवा हात डाव्याच्या वेळी वर जात असे, फेकलेला चेंडू ज्यांच्या हातांतून नेमका निसटत असे, लंगडीत दोन उड्यांनंतर ज्यांचा तोल जात असे, कबड्डीचे संघ पाडताना ज्यांचे नाव सर्वांत शेवटी घेतले जाई किंवा घेतलेच जात नसे, अशी ती मुले. आम्ही त्यांचे काय केले, हा प्रश्न या निमित्ताने स्वतःला विचारणे आम्हाला आवश्यक वाटते. प्रांजळपणे सांगायचे तर पुष्कळ वर्षे आम्ही त्यांना गुणफलक लिहायला बसविले, पाण्याची घागर आणायला धाडले किंवा झाडाखाली सावलीत उभे केले. त्यामागे दयाबुद्धी होती. पण ज्या मुलाला व्यायामाची सर्वाधिक गरज होती, त्यालाच त्या दयेने व्यायामापासून दूर ठेवले.

या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला एका शिक्षकाचे चरित्र पुन्हा वाचावेसे वाटले. ते शिक्षक म्हणजे लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद. योगाचे वैज्ञानिक संशोधक म्हणून त्यांचे नाव सर्वश्रुत आहे. शाळेतील सामान्य आणि दुबळ्या मुलाला झेपेल असा व्यायाम घडविणारे शिक्षणतज्ज्ञ म्हणून मात्र त्यांची आठवण क्वचितच काढली जाते. त्यांचे जीवन येथे त्या बाजूने सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

स्वामीजींचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई या गावी एका मराठी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती अत्यंत गरिबीची होती. काही काळ लोकांच्या मदतीवर आणि दानधर्मावर त्यांचे शिक्षण व पोषण चालले. वसतिगृहाच्या ताटावर वाढलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. दुसऱ्याच्या दारी जेवून शिकणाऱ्या मुलाच्या मनात कृतज्ञता आणि संकोच ही दोन्ही एकाच वेळी नांदत असतात. १९०३ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि संस्कृत विषयासाठी असलेली मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे बडोदे कॉलेजात शिकून १९१० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते पदवीधर झाले.

बडोद्यातील या वर्षांनी त्यांना दोन दिशा दिल्या. पहिली राष्ट्रकार्याची. त्या काळी अरविंद घोष बडोदे कॉलेजात अध्यापन करीत असत, आणि लोकमान्य टिळकांच्या चळवळीने तरुणांची मने भारून गेली होती. जगन्नाथपंतांनी अविवाहित राहून आयुष्य लोकसेवेला वाहण्याचा निश्चय केला. दुसरी दिशा व्यायामाची. १९०७ ते १९१० या काळात बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याजवळ त्यांनी देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. माणिकराव हे केवळ तालीमबाज नव्हते. निखळलेले सांधे आणि मोडलेली हाडे बसविण्यात त्यांचा हात वाखाणला जाई. लाठी, लेझीम, मल्लखांब यांबरोबरच देशी भाषेतील आज्ञांवर शेकडो मुलांना एकाच वेळी व्यायाम देण्याची पद्धतही त्यांनी रुजविली. त्या काळच्या शाळांत कवायत म्हणजे बहुधा पलटणीतून निवृत्त झालेल्या हवालदाराने इंग्रजी हुकमांवर करून घेतलेली हातापायांची हालचाल असे. हुकूम कळला नाही किंवा पाय चुकला, तर छडी ठरलेली. माणिकरावांच्या आखाड्यात जगन्नाथपंतांनी ताकद कमावली, आणि त्याबरोबर शरीर कसे घडते व कशाने बिघडते हे पाहण्याची दृष्टीही मिळविली.

शिक्षण संपल्यावर ते खानदेशात अमळनेर येथे अध्यापनाच्या कार्यात शिरले. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांनी सांभाळले. राष्ट्रीय वृत्तीच्या संस्थांवर तेव्हा सरकारची वक्रदृष्टी होती, आणि १९२३ साली ते महाविद्यालय बंद पडले. परंतु ती वर्षे वाया गेली नाहीत. खेड्यापाड्यांतून आलेली, अर्धपोटी वाढलेली, काटक पण आखडलेल्या अंगाची मुले त्यांनी तेथे रोज पाहिली. आखाड्यात स्वतःच्या हौसेने येणारा मुलगा निराळा आणि शाळेच्या वर्गात बसलेला मुलगा निराळा. आखाडा निवड करतो; ज्याला जमत नाही तो चार दिवसांत आपोआप गळतो. शाळेला अशी निवड करता येत नाही, कारण तिच्या दारात आलेला प्रत्येक मुलगा तिचाच असतो. स्वामीजींच्या पुढील सर्व शैक्षणिक कार्याकडे पाहिले की हा भेद त्यांच्या मनात अमळनेरलाच पक्का झाला असावा असे आम्हाला वाटते.

याच काळात त्यांच्या आयुष्याला आणखी एक वळण लागले. १९१९ साली नर्मदेच्या तीरावरील मालसर येथे परमहंस माधवदास या वृद्ध योग्यांशी त्यांची भेट झाली. मूळ बंगालमधील असलेल्या या गुरूंकडून त्यांनी योगाची दीक्षा घेतली. दीक्षा घेतलेला माणूस सहसा श्रद्धेच्या मार्गाने पुढे जातो. जगन्नाथपंतांनी श्रद्धेबरोबर शंकाही जागी ठेवली. या क्रियांनी शरीरात नेमके काय घडते, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात आपल्या काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने त्यांनी उड्डियान बंध आणि नौली या क्रियांची क्ष-किरणांखाली तपासणी केली. नौलीच्या वेळी पोटाच्या पोकळीत दाब कमी होतो, हे पुढे त्यांनी दाबमापकाने मोजून दाखविले आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंचे नाव दिले. प्राणायामाने शरीराला नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, अशी सार्वत्रिक समजूत होती. मोजमापांतून ती जशीच्या तशी टिकत नाही असे दिसले, तेव्हा योगाच्या या अभिमानी पुरस्कर्त्याने ते लपवून ठेवले नाही. आवडत्या गोष्टीचीही परीक्षा करावी आणि निष्पन्न होईल ते स्वीकारावे, ही वृत्ती भगवान बुद्धांच्या अनुयायांना परकी वाटण्याचे कारण नाही.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामाची स्थापना झाली. त्याच वर्षी योगमीमांसा हे त्रैमासिक सुरू झाले आणि तेथील प्रयोगांचे वृत्तांत जगापुढे येऊ लागले. आपल्या अंबरनाथ-बदलापूरवरून जाणारा लोहमार्गच पुढे नेरळ, कर्जत ओलांडून बोरघाट चढतो आणि लोणावळ्याला पोहोचतो. म्हणजे हे सारे कार्य आपल्यापासून घाटाच्या एका चढणीवर घडले. मात्र त्या काळी उल्हासनगर हे नावही अस्तित्वात नव्हते. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. बदलापूर हे तेव्हा लहानसे गाव होते. याच बदलापुरात १९२७ साली शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्षस्थान बाबासाहेब आंबेडकरांनी भूषविले होते, ही गोष्ट आपल्या परिसरातील जुनी मंडळी आजही अभिमानाने सांगतात.

त्याच १९२७ साली महात्मा गांधींची प्रकृती रक्तदाबाने ढासळली. विश्रांतीच्या त्या काळात त्यांनी आसनांविषयी स्वामीजींशी पत्रव्यवहार करून मार्गदर्शन घेतले. या प्रसंगाचे महत्त्व आम्हाला एका वेगळ्या कारणासाठी वाटते. समोरचा माणूस साठीकडे झुकलेला, थकलेला आणि आजारी होता. अशा शरीरासाठी व्यायाम सांगायचा, तर निरोगी तरुणाचा पाठ निम्मा करून भागत नाही. त्या शरीराला आज काय शक्य आहे येथून आरंभ करावा लागतो. स्वामीजींच्या पद्धतीचा गाभा नेमका हाच होता. १९३१ साली त्यांचा आसनांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात सामान्य प्रकृतीच्या माणसासाठी पूर्ण अभ्यासक्रम दिला आहे, वेळ वा शक्ती कमी असणाऱ्यासाठी संक्षिप्त अभ्यासक्रम दिला आहे, आणि ज्यांना हे दोन्ही झेपणार नाहीत त्यांच्यासाठी सुलभ अभ्यासक्रम वेगळा मांडला आहे. त्या काळच्या व्यायामविषयक साहित्यात पिळदार पहिलवानांची चित्रे आणि हजार जोरांच्या कथा यांना तोटा नव्हता. न झेपणाऱ्या माणसासाठी स्वतंत्र पाठ लिहिणारा लेखक मात्र दुर्मीळ होता.

या मांडणीमागील तत्त्वे थोडक्यात सांगता येतील. आसन हिसका देऊन करायचे नाही, सावकाश करायचे. वेदना होण्याआधी थांबायचे. आजचे माप उद्या किंचित वाढवायचे, आणि शरीर नाही म्हणाले तर वाढवायचे नाही. शेजाऱ्याशी स्पर्धा करायची नाही. अखेरीस शवासनात शरीर सैल सोडून त्याच्याकडे लक्ष द्यायचे. १९६३ साली डॉ. विनेकर यांच्यासमवेत लिहिलेल्या यौगिक चिकित्सेवरील पुस्तकापर्यंत सौम्यता आणि क्रमवारी या दोन गोष्टींवरचा त्यांचा भर कायम राहिला.

परंतु एका माणसाला एकांतात शिकविणे निराळे आणि पन्नास मुलांच्या वर्गाला अर्ध्या तासात शिकविणे निराळे. स्वामीजींमधला जुना शिक्षक येथे जागा झाला. १९३६ साली त्यांनी यौगिक संघव्यायाम हे पुस्तक सिद्ध केले. माणिकरावांकडून मिळालेली सामुदायिक आज्ञांची पद्धत आणि माधवदासांकडून मिळालेली आसने यांचा येथे मेळ घातला गेला. मुलामुलींना वर्गाने, आज्ञेवर, अंक मोजत करता येतील असे सोपे प्रकार त्यात बसविले आहेत. प्रत्येक हालचालीचे टप्पे पाडले आहेत. पहिल्या अंकाला एवढेच, दुसऱ्याला एवढेच, मग थांबणे, मग परत येणे. हे टप्पे पाडणे वाचताना किरकोळ वाटते. परंतु ज्या मुलाला संपूर्ण हालचाल एका झपाट्यात कळत नाही, त्याच्यासाठी हेच टप्पे आधार ठरतात. जिना चढता न येणाऱ्याला पायऱ्या उंच वाटतात. त्या लहान केल्या की तोच जिना तो चढतो.

१९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. त्या सुमारास शाळांतील शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या सरकारी समितीचे अध्यक्षपद स्वामीजींकडे आले. पुढच्याच वर्षी कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. महाराष्ट्रातील पुष्कळ शाळांना प्रशिक्षित क्रीडाशिक्षक लाभले ते या संस्थेतून. छडीवाल्या हवालदाराच्या जागी शरीरशास्त्र शिकलेला शिक्षक उभा राहावा, हा पालट एका दिवसात घडला नाही आणि सर्वत्र घडलाही नाही. पण त्याची सरकारी पायाभरणी होत असताना तिच्यात स्वामीजींचा मोठा वाटा होता. मुंबईत १९३२ साली सुरू झालेले कैवल्यधामाचे आरोग्यकेंद्र, १९५१ साली लोणावळ्यात उघडलेले योगमहाविद्यालय आणि पुढे उभे राहिलेले यौगिक रुग्णालय ही त्यांच्या कार्याची पुढची स्थानके होत. येल विद्यापीठात मानसशास्त्राचा अभ्यास करणारे बेहनन यांच्यासारखे अभ्यासक दूरवरून लोणावळ्यास येऊन राहिले. १८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षात, स्वामीजींचे निधन झाले.

येथे एक प्रश्न कोणाही समाजबांधवाच्या मनात येईल, आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. धम्माच्या प्रेरणेने चालणाऱ्या विद्यालयाने एका योगमार्गी संन्यस्त पुरुषाचे चरित्र आपल्या स्मरणिकेत का छापावे? त्यांची परिभाषा हठयोगाची होती, त्यांचे अंतिम ध्येय कैवल्य होते, आणि ज्या समाजरचनेने आपल्या पूर्वजांना विद्येच्या दारातून हाकलले तिच्या वरच्या थरात त्यांचा जन्म झाला होता. हे सर्व खरे आहे. आम्ही त्यांचे तत्त्वज्ञान स्वीकारत नाही आणि त्यांना वंदनीय ठरविण्याचा आग्रहही धरीत नाही. त्यांच्याकडून आम्ही घेतो ती एक पद्धत: माणसाच्या शरीरावर शिक्का मारण्याआधी ते मोजून पाहावे, आणि ते जिथे आहे तिथून त्याला एक पाऊल पुढे न्यावे.

शिक्का मारणे म्हणजे काय असते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार! १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावच्या रणांगणावर महार सैनिकांनी आपले शौर्य सिद्ध केले. तरीही त्या शतकाच्या अखेरीस लढवय्या जातींचा सिद्धांत पुढे करून इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती थांबविली. ज्या घरात सुभेदार रामजी सकपाळ यांच्यासारखा सैनिकी शाळेत शिकविणारा शिक्षक निपजला, त्या घरासह एका संपूर्ण समाजाचे शरीर कागदावर दुर्बळ ठरविले गेले. बाबासाहेबांनी हा शिक्का पुसण्यासाठी अविरत प्रयत्न केले आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. समाजाच्या बाबतीत आपण हा अन्याय ओळखला. मग आपल्याच मैदानावर एखाद्या मुलाला वेंधळा, धांदरट, लुळा अशी नावे पडत असताना आपण गप्प का राहावे?

आज या मुलांविषयी स्वामीजींच्या काळापेक्षा अधिक माहिती उपलब्ध आहे. ज्या मुलांच्या हालचालींत वयाच्या मानाने समन्वय फार कमी असतो, त्यांच्या अडचणीला वैद्यकात डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर असे नाव आहे. शाळकरी वयात शंभरांपैकी साधारण पाच ते सहा मुलांत ती आढळते. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात अशी तीनएक मुले असू शकतात. तिचा बुद्धीशी संबंध नाही आणि ती आळसातून येत नाही. शर्टाची बटणे लावणे, बुटांची नाडी बांधणे, रेघेवर लिहिणे, चेंडू झेलणे या गोष्टी अशा मुलांना इतरांपेक्षा कष्टाने येतात. अनेकांच्या बाबतीत ही अडचण मोठेपणीही काही अंशी सोबत राहते. याखेरीज कुपोषणाने अशक्त राहिलेली आणि खेळायला जागाच न मिळाल्याने अंग आखडलेली मुले वेगळीच. उल्हासनगरच्या कॅम्पांतील अरुंद गल्लीत, एका खोलीत शिलाईयंत्र आणि संसार दोन्ही मांडलेल्या घरातून आलेल्या मुलाने धावायचे तरी कोठे? त्याचे पाय दुबळे नसतात. त्यांना मैदान भेटलेले नसते.

या मुलांचे खरे नुकसान पुढे होते. चेंडू सुटला की हशा होतो. हशा झाला की मूल मागच्या रांगेत जाते. मागच्या रांगेत सराव कमी मिळतो, म्हणून पुढच्या वेळी चेंडू पुन्हा सुटतो. दोन वर्षांत पोट दुखते, डोके दुखते अशा चिठ्ठ्या सुरू होतात. पुढे हे मूल खेळापासून कायमचे दूर जाते, आणि आपले शरीर म्हणजे लाज वाटण्याची वस्तू अशी त्याची समजूत होऊन बसते. हे चक्र तोडणे हे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाचे पहिले काम आहे, आणि चषक त्यानंतर येतात.

धम्मसाहित्यातील चूळपंथकाची कथा आपल्या परिचयाची आहे. चार महिने घोकूनही ज्याला एक गाथा पाठ होईना, त्या भिक्खूला त्याच्या थोरल्या भावाने विहार सोडून जाण्यास सांगितले. भगवंतांनी त्याला अडविले, त्याच्या हाती एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ते हाताने चोळत राहण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले आणि त्या साध्या, पुन्हापुन्हा केलेल्या कृतीतून त्याला अनित्यतेचा बोध झाला. भावाने चूळपंथकाची परीक्षा गाथेने घेतली होती. भगवंतांनी परीक्षाच बदलली आणि त्याच्या हातांना जमेल असे काम दिले. शिकविण्याच्या कलेत याहून मोठे उदाहरण आम्हाला माहीत नाही. स्वामीजींचे टप्पे आणि भगवंतांचे वस्त्र यांच्या परंपरा भिन्न असल्या, तरी शिक्षकाची नजर दोन्हीकडे एकच आहे.

या विचाराने आमच्या मैदानावर अलीकडे काही साधे बदल झाले आहेत. संघ पाडण्याचे काम आता कप्तानांकडे नाही; शिक्षक आधीच यादी करून ठेवतात. झेलण्याचा सराव फुग्याने सुरू होतो, मग कापडाचा चेंडू, मग रबरी, आणि शेवटी कातडी. फुगा सावकाश खाली येतो, त्यामुळे नजर आणि हात यांची गाठ पडायला वेळ मिळतो. लंगडीच्या आधी भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहणे, मग एक बोट टेकून, मग हात सोडून, असा क्रम असतो. लेझीम आधी हातांनी, मग पायांनी आणि सर्वांत शेवटी दोन्ही मिळून शिकविली जाते. दोरीउडीत प्रथम दोरी जमिनीवर ठेवून ओलांडतात. रांगेत उभे राहून एका चेंडूची वाट पाहण्यापेक्षा दोघांत एक चेंडू दिला, की सरावाची संधी कितीतरी वाढते. प्रत्येक मुलाच्या वहीत त्याचे स्वतःचे मागील माप लिहिलेले असते आणि त्याची तुलना त्याच्याशीच होते. तास संपताना सर्व मुले पाच मिनिटे डोळे मिटून श्वासाकडे आणि अंगाकडे लक्ष देतात, आणि सकाळी काही वेळ सावकाश चंक्रमण करतात. पाऊल उचलले, पुढे नेले, टेकले, हे जाणत चालणारे मूल आपल्या पायांची ओळख नव्याने करून घेते. कायेकडे सजगतेने पाहण्याची ही शिकवण आपल्या परंपरेत आधीपासूनच होती. तिचा मैदानावर उपयोग करण्यास आम्हीच उशीर केला.

या बदलांनी कोणी मूल रातोरात खेळाडू होत नाही. तसे वचन आम्ही पालकांना देत नाही. घडते ते असे, की मूल तासाला येते आणि तास संपेपर्यंत मैदानावर राहते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्याने शिक्षणसंस्थांवर खेळ आणि मनोरंजनाची समान संधी देण्याची जबाबदारी टाकली आहे. ज्या मुलांकडे कोणतेही प्रमाणपत्र नाही, ज्यांची अडचण कोणत्याही कागदावर नोंदलेली नाही, त्यांच्याबाबत मात्र कायद्यापेक्षा शिक्षकाची आणि पालकांची नजरच कामी येते. म्हणून पालकबंधू-भगिनींना आमची नम्र विनंती आहे. आपले मूल पडते, सांडते, अडखळते म्हणून त्याला घरी रागावू नये आणि भावंडांसमोर हिणवू नये. नाडी बांधायला त्याला दोन मिनिटे जास्त लागत असतील, तर ती द्यावीत. अडचण जास्त वाटल्यास शिक्षकांशी बोलावे, डॉक्टरांना दाखवावे आणि मैदानातून काढून घेण्याची चिठ्ठी मात्र देऊ नये.

माजी विद्यार्थ्यांपैकी काहींना हे वाचताना स्वतःची शेवटची रांग आठवेल. झाडाखाली गुणफलक लिहीत बसलेल्या त्या मुलांची आम्ही येथे मनःपूर्वक क्षमा मागतो. त्यांची मुले आज आमच्या विद्यालयात शिकत आहेत. वर्धापनदिनाच्या क्रीडामहोत्सवास आपण अवश्य यावे. अंतिम सामन्याच्या आधी सकाळी सात वाजता सर्व विद्यार्थ्यांचा संघव्यायाम असतो. त्यात कोणाचा हात चुकीच्या अंकाला वर गेला, तर पाहुण्यांनी हसू नये एवढीच अपेक्षा आहे. पुढच्या अंकाला तो हात बरोबर येईल.